गाडीची अंघोळ

वसईत थंडी पडते असं सांगितलं की मुंबईकडची माणसं हसतात. मी वसई कोर्टात कारकून आहे. तिथे रोज बोरिवलीहून येणाऱ्या एक बाई मला म्हणतात, "तुमची थंडी म्हणजे आमचा पंखा एकवर." म्हणोत बापड्या. त्यांनी एकदा जानेवारीत पहाटे पाचला होळीत येऊन आमच्या अंगणात उभं राहावं, म्हणजे कळेल. होळी हे आमच्या भागाचं नाव, आणि त्यावरून 'रंग खेळता का रोज' हा विनोद मी शाळेपासून ऐकत आलेय. सगळीकडे वाड्या, केळी, भाजीचे वाफे, पाण्याचे पाट. पहाटे त्या ओल्या जमिनीवरून असं गार येतं की हात शालीबाहेर काढवत नाही. माणसाला निदान शाल तरी असते. आमची गाडी डिझेलची आणि वीस वर्षांची. तिची थंडी कोणी विचारात घेतली नव्हती.

घेतली नव्हती म्हणजे मी घेतली नव्हती. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, फार मनावर घेतली होती. तीच तर गोष्ट आहे.

आईची किडनी गेल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. वसईतल्या सेंटरमध्ये तिला पहिली पाळी मिळाली होती, सकाळी सहाची. सहा ते दहा चार तास मशीन, आणि दहाला ती उठली की त्याच खुर्चीवर दुसरा पेशंट बसायचा. म्हणजे आपल्याला अर्धा तास उशीर झाला तर आपला अर्धा तास कापला जाणार. दहाच्या माणसाने का थांबायचं? त्याच्याही रक्तात तसंच सगळं साचलेलं असतं. नियम बरोबरच होता, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती, आणि मला भांडता आलं नाही की माझा राग घरात निघतो.

डिसेंबरात दोनदा उशीर झाला. एकदा पाऊण तास, एकदा त्याहून जास्त. त्या दुसऱ्या वेळेनंतर रविवारपर्यंत आईचे पाय एवढे सुजले की चप्पल चढेना. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टर मला म्हणाले, "वेळ कापू नका. यांना पूर्ण चार तास मिळालेच पाहिजेत, नाहीतर एक दिवस धावत आयसीयूत आणावं लागेल." जशी काही मीच कापत होते. कापत होती ती गाडी.

ही गाडी आप्पांनी जुनी म्हणूनच घेतली होती, वाडी करत होते तेव्हा. पाठीमागची सीट काढून केळीचे घड नि भाजीच्या टोपल्या बाजारात न्यायचे. पुढे गुडघे गेले, वाडी दुसऱ्याला कसायला दिली, सीट परत बसवली. आप्पा एकाहत्तरचे, पण गाडीला हात फक्त त्यांचा. मला चालवता येते, पण ती मी चालवली की आप्पा शेजारी बसून प्रत्येक गिअरला डोळे मिटतात. मला ते सहन होत नाही.

डिझेल गाडी पहाटे लगेच लागत नाही, म्हणजे सुरू होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. पेट्रोलसारखी ठिणगी नसते तिच्यात. हवा दाबून तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. इंजिन गार असलं तर ती हवा पुरेशी तापत नाही, म्हणून इंजिनात छोटे हीटर बसवलेले असतात. चावी फिरवली की आधी ते तापतात, तेवढा वेळ समोर एक दिवा लागतो. त्या दिव्यावर वेटोळ्याचं चित्र असतं. आई त्याला चकली म्हणायची. "चकली विझली की मार," असं आप्पांनी मला गाडी शिकवताना सांगितलं होतं, म्हणजे शब्द त्यांनीही उचलला होता.

त्या हिवाळ्यात चकली पेटायची, चकली विझायची, आणि गाडी नुसती घुर्र घुर्र करत राहायची. बॅटरी बसेपर्यंत आप्पा चावी फिरवायचे. मग शेजारचे दोघं-तिघं बनियनवर बाहेर येऊन धक्का मारायचे. आप्पांना त्याची भयंकर लाज वाटायची. ज्या माणसाने आयुष्यात कोणाकडून कुदळ मागून आणली नाही, त्याची गाडी रोज शेजाऱ्यांनी ढकलायची.

म्हणून त्यांनी किटली सुरू केली.

आमच्याकडे अजून बंब आहे, तांब्याचा, मागच्या पडवीत. गिझर असूनही आप्पा बंबच पेटवतात, नारळाच्या सोडणांवर. डायलिसिसच्या दिवशी ते चारला उठायचे, बंब पेटवायचे, आणि पहिलं कढत पाणी चहाच्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या किटलीत भरून अंगणात न्यायचे. बॉनेट उघडून, किटलीची चोच पुढे करून, ते पाणी सावकाश इंजिनच्या डोक्यावर सोडायचे. वाफ उठायची. मग म्हणायचे, "चल गं बाय आता." मला वाटायचं मलाच हाक मारली. मी बाहेर यायचे तर ते गाडीशी बोलत असायचे.

सुरुवातीला गाडी खरंच लागायची, एका किटलीत. मग दोन लागल्या. मग तीन.

आई वेणी घालता घालता आतून टोमणे मारायची. तिला दिवसाला मोजून चार पेले पाणी, तेही लहान. किडनी नाही म्हटल्यावर प्यालेलं सगळं अंगातच राहतं. ती म्हणायची, "मला मोजून पानी, नि गाडीला किटल्याच्या किटल्या. ह्या घरात आधी गाडीची अंघोळ, मग मानसांची."

"पाणी," आप्पा बाहेरून म्हणायचे.

हे एक सांगायला हवं. आई खाडीकाठची. तिच्या माहेरी भातशेती, आणि तिकडे ण नाहीच. पानी, लोनी, कोन, मानूस. आप्पा वाडीवाले, त्यांच्या घरात शाळामास्तर होऊन गेलेले. लग्न झाल्यापासून ते तिचं 'पानी' दुरुस्त करत आलेत. रागाने नाही, पण न चुकता. ती पानी म्हणाली की ते पाणी म्हणणार, ती पुन्हा पानी म्हणणार. शेहेचाळीस वर्षं. दोघांनाही कधी कंटाळा आला नाही, मला मात्र लहानपणीच आला होता.

किटलीला खतपाणी घातलं माझ्या भावाने. तो कॅनडात असतो. व्हिडिओ कॉलवर आईने गाडीच्या अंघोळीची गोष्ट रंगवून सांगितली, तर हा म्हणतो, "बरोबरच करतायत आप्पा. इथे बर्फात इंजिनलाच हीटर लावतात, त्याची वायर घरातल्या प्लगात. रात्रभर इंजिनमधलं पाणी कोमट राहतं, सकाळी एका झटक्यात गाडी सुरू. पाठवू का एक?" झालं. आप्पांना जणू परदेशातून सर्टिफिकेट मिळालं. दुसऱ्या दिवसापासून किटली आणखी श्रद्धेने. मी भावाला नंतर फोन करून झाडला. तिकडे हीटर इंजिनाच्या आत बसतो, इथे म्हातारा माणूस चारला उठून बॉनेटखाली वाकतो, फरक कळतो का तुला, म्हटलं. तो म्हणाला, मग नवीन गाडी घ्या. लांब राहणाऱ्यांचे सल्ले असे सरळ असतात.

रिक्षा का नाही, हे मला सगळे विचारायचे. केली होती. पहिला रिक्षावाला चार दिवस आला आणि मग फोन बंद. दुसरा येताना यायचा, पण डायलिसिसनंतर आईचा बीपी उतरलेला असतो, आणि रस्त्यातल्या एकेका खड्ड्याला ती पांढरी पडायची. एकदा तर उलटी झाली. आप्पांच्या गाडीत ती मागे आडवी होऊन यायची, आणि आप्पा खड्डा दिसला की गाडी अशी उतरवायचे की तिची झोप मोडू नये. ते काम त्यांचं होतं. आता त्यांना दुसरं कामच नव्हतं.

हे सगळं मला कळत होतं. तरी त्या शुक्रवारी माझा तोल गेला.

त्या शुक्रवारी चार किटल्या झाल्या, धक्का झाला, आणि सेंटरला पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. आईला पावणेतीन तास मिळाले. संध्याकाळी कोर्टातून आले तर ती ओटीवर खुर्चीत पाय स्टुलावर घेऊन बसलेली, पाय सकाळी होते तसेच. बोटाने दाबलं तर खड्डा राहत होता. मी आप्पांपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सोमवारी गाडी वेळेवर लागली नाही तर मी ती भंगारात देणार, आणि महिन्यावर टॅक्सी लावणार. तुमच्या हौसेपायी आई जायला नको."

हौस हा शब्द मी वापरला. वापरल्या वापरल्या मला कळलं की तो परत घेता येणार नाही. आप्पा किटली उलटी करून ओटीच्या कठड्यावर ठेवत होते, ती नीट ठेवली आणि मागे गेले. आई म्हणाली, "जीभ आवर गं बाय." एवढंच म्हणाली, आणि मला दोन थोबाडीत बसल्यासारखं झालं.

शनिवारी मी एका डिझेल मिस्त्रीला फोन लावला. आमच्या भागातल्या जुन्या जीपा, टेम्पो सगळे त्याच्याकडे जातात. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हीटर प्लग गेलेत. चार आणून ठेवा. उद्या रविवार, गॅरेज बंद, तुमच्या घरीच येतो."

मी वसईत स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन म्हटलं, गाडीचे हीटर द्या. दुकानदाराने माझ्याकडे नीट बघितलं. "ताई, वसईत हीटर? एसी चालत नाही का गाडीचा?" मग डिझेल म्हटल्यावर त्याने आतून चार लांबट डब्या आणल्या. घरी येऊन आईला सांगितलं, उद्या गाडीला हीटर बसवतोय. ती म्हणाली, "म्हंजे आता पानी गाडीतच गरम होनार?" आप्पा पलंगावर पेपर वाचत होते. त्यांनी 'पाणी' म्हटलं नाही. शुक्रवारपासून ते काहीच म्हणत नव्हते.

रविवारी मिस्त्री दहाला आला. पन्नाशीचा माणूस, चष्म्याला दोरी, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. एक वायर लावलेला बल्ब काढून त्याने इंजिनवर इथे तिथे टेकवला, मला चावी फिरवायला लावली. चकली पेटली. त्याचा बल्ब पेटला नाही.

"दिवा झूठ बोलतोय," तो म्हणाला. "तो फक्त टाइम मोजतो. खाली करंटच येत नाही." मग त्याने एक नवीन प्लग बॅटरीला थेट लावून दाखवला. पेन्सिलीएवढं लोखंड, त्याचं टोक बघता बघता लाल झालं. आई ओटीवरून वाकून बघत होती. "अगरबत्तीएवढं तर हाय," ती म्हणाली. "एवढ्याशाने एवढी मोठी गाडी लागते?"

"काकी, एवढ्याशानेच लागते."

मग तो हीटरपर्यंत जाणारी वायर शोधत खाली गेला आणि एक प्लास्टिकचा जोड ओढून वर आणला. जोड उघडला तर आत हिरवी बुरशी धरल्यासारखं झालेलं. तांबं सडलं होतं. चारही प्लग एकमेकांना जोडणारी पट्टी तर हातात भुगा होऊन आली. मिस्त्रीने चष्मा कपाळावर सरकवला.

"हे पाण्याने खाल्लंय. वायर आधीची थोडी गेली असेल, पण एवढी नाही सडत. रोज पाणी पडल्याशिवाय असं होत नाही. इंजिनवर पाणी कोण ओततं?"

आप्पा माझ्या शेजारीच उभे होते, हातात मिस्त्रीचा पाना धरून. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही, कारण एका क्षणात सगळा हिशोब माझ्या डोक्यात उलगडला. एका किटलीची दोन, दोनाची तीन, तिनाची चार. जितकं पाणी ओतलं तितकी वायर सडली, आणि जितकी वायर सडली तितकं जास्त पाणी. तो माणूस चारला उठून रोज स्वतःच्या हाताने आईची वेळ कापत होता. आणि हे त्यांना आत्ता, परक्या माणसासमोर कळत होतं.

"मी," ओटीवरून आई म्हणाली.

मिस्त्रीने वर बघितलं.

"मीच सांगितलं ह्यांना. म्हटलं, मानसाला थंडी लागते तशी तिलाबी लागत असेल, पानी ओता गरम. माझीच अक्कल."

धडधडीत खोटं. आयुष्यात एकदाही तिने असं काही सांगितलं नव्हतं, उलट रोज टोमणे मारले होते. पण ती अशा सहज सुरात म्हणाली की मिस्त्रीला पटलं. तो हसला, "काकी, आता नका ओतू." ती म्हणाली, "आता कशाला ओतीन." आप्पांनी मान खाली घालून पाना पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिले. मला रडू येत होतं आणि मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

बाहेर आले तोवर मिस्त्रीने सडलेलं टोक कापून नवीन वायर जोडली होती, पट्टीच्या जागीही वायरच घेतली होती आणि तीन जुने प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. काळे ठिक्कर. चौथा निघेना. पाना लावला की करकर आवाज यायचा आणि मिस्त्री लगेच हात काढून घ्यायचा.

"गंजून बसलाय. जोर केला तर आत तुटेल. तुटला तर इंजिनचं अख्खं डोकं उतरवावं लागणार. आठ दिवस गाडी गॅरेजला."

आठ दिवस म्हणजे तीन-चार डायलिसिस. आणि पहिलं दुसऱ्याच पहाटे. मी म्हटलं, राहू द्या, तीनवर नाही का चालणार? तो म्हणाला, चालेल, पण थंडीत भरवसा नाही देत. शुक्रवारी मोठ्या तोंडाने सोमवारची मुदत दिली होती. कोर्टात मी रोज लोकांना पुढच्या तारखा सांगते, इथे पुढची तारीख नव्हती.

तेव्हा आप्पा बोलले. शुक्रवारनंतर पहिल्यांदा.

"आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं," ते मिस्त्रीला म्हणाले. "त्याचा बोल्ट असाच बसायचा. गार असताना हात लावायचा नाही. चांगलं दोन तास पाणी उपसू द्यायचं, तापलं की तेल सोडायचं, आणि थोडं पुढे, थोडं मागे. ओढायचं नाही. रुसलेल्या माणसासारखं."

मिस्त्रीने मान हलवली. "बरोबर आहे काका. तेल मी सोडलंय. तीन नवीन बसवतो, चौथा तसाच राहू दे. गाडी चांगली पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, तापली की बघू."

"मग अर्नाळ्याला जाऊ," आई म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो. दीड वर्षात ती त्या गाडीतून फक्त सेंटरला गेली होती. "काय बघता? गाडी तापवायचीच हाय ना? मग माझ्यासकट तापवा."

दुपार असल्यामुळे गाडी लागली, थोडी कुरकुरत. मिस्त्री पुढे आप्पांच्या शेजारी, इंजिनाकडे कान देऊन. मागे आई नि मी. ऊन पडलेलं, खिडक्या उघड्या. अर्नाळ्याला किनाऱ्याच्या अलीकडेच वास सुरू झाला, काठ्यांवर सुकत घातलेल्या बोंबलांचा. आई डोळे मिटून श्वास घेत राहिली. सुकं बंद आहे तिला, मीठ चालत नाही. "वासाला तर बंदी नाय ना डॉक्टरची?" ती म्हणाली. आप्पांनी इंजिन चालूच ठेवून गाडी समुद्राकडे तोंड करून उभी केली. होड्या ओढून ठेवलेल्या, समोर किल्ला. मग आई म्हणाली, "केवढं पानी." आणि आप्पा आरशातून तिच्याकडे बघत राहिले. पुढचा शब्द आलाच नाही. माझा कान त्याची वाट बघत होता, हे मला तेव्हा कळलं.

घरी येऊन मिस्त्रीने हाताला फडकं गुंडाळलं आणि तापलेल्या इंजिनात पाना घातला. थोडं पुढे. थोडं मागे. तेल. परत पुढे. आप्पा त्याच्या खांद्याशी वाकून उभे, तोंडाने "हं, हं" करत. मी तुळशीपाशी पाठ करून उभी राहिले, मला बघवेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग "आला," एवढं ऐकू आलं. वळले तर मिस्त्रीच्या फडक्यात चौथा प्लग होता, अख्खा, टोकासकट. आप्पांनी तो गरम प्लग उघड्या हातात घेतला, चटका बसला तरी सोडला नाही.

नवीन चौथा बसला. मिस्त्रीने बल्ब टेकवला, मी चावी फिरवली, चकली पेटली आणि बल्बही पेटला. पण जाताना तो म्हणाला, "आत्ता इंजिन गरम आहे, आत्ता तर लागणारच. खरं काय ते उद्या पहाटे."

त्या पहाटे मला चारच्या आधीच जाग आली. पडवीत सोडणांचा धूर होता. म्हणजे आप्पा उठले होते, बंब पेटला होता. मी अंगणात आले तर ते गाडीजवळ उभे, आणि हातात भरलेली किटली, वाफ येणारी. मला बघून थोडे ओशाळले. "सवयीने भरली," म्हणाले. ती कुठे ठेवावी तेही त्यांना सुचत नव्हतं. शेवटी ओटीच्या कठड्यावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसले.

त्या दिवशी गारठा नेहमीपेक्षा जास्त होता. गाडीच्या काचेवर दव होतं. मी खिडकीपाशी उभी राहिले. आप्पांनी चावी अर्धी फिरवली. चकली पेटली. ती एवढा वेळ पेटून राहते हे मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. विझली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, आणि चावी पूर्ण फिरवली.

अर्धं घुर्रसुद्धा झालं नाही. गाडी लागली. एकदम, दुपारी लागावी तशी. शेजारचा एक दरवाजा सवयीने उघडला होता, तो माणूस बनियनवर दारात येऊन थांबला आणि परत आत गेला. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, मी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि तशीच उभी राहिले.

आतून आईचा आवाज आला. "अहो, थांबा की. माझी वेनी व्हायचीय अजून."

महिनाभर तिची वेणी घुर्र घुर्र ऐकत होत होती. त्या दिवशी तिला वेळच मिळाला नाही. अर्धी वेणी हातात धरूनच ती गाडीत बसली आणि आप्पांना म्हणाली, एवढी घाई कसली. सेंटरला पोचलो तेव्हा साडेपाच व्हायचे होते. कुलूप होतं. आम्ही तिघं गाडीत बसून राहिलो, आईने वेणी पुरी केली, आणि मी आप्पांना म्हटलं, "शुक्रवारी मी वाईट बोलले." ते म्हणाले, "उशीर झाला होता ना." बास. आमच्याकडे माफी एवढीच असते.

सहाला मशीन सुरू झालं, दहाला थांबलं. पूर्ण चार तास. मी कोर्टात अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, म्हणून परत येताना बरोबर होते. आई मागे झोपली होती आणि आप्पा प्रत्येक खड्डा असा उतरवत होते की तिचं डोकं माझ्या मांडीवरून हललं नाही.

घरी ओटीवर तिला खुर्चीत बसवलं. सूज अजून होती, पण घोट्याचं हाड दिसायला लागलं होतं, आणि मी ते बोटाने चाचपून बघितलं. कठड्यावर सकाळची किटली तशीच होती, गार झालेली. आप्पांनी ती आत नेली, गॅसवर ठेवली, कोमट करून परत आणली, आणि घमेल्यात पाणी ओतून घमेलं आईच्या पायाशी ठेवलं. कोपर बुडवून बघितलं आधी, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. आईने पाय आत सोडले. आप्पा समोर जमिनीवर बसले, दुखऱ्या गुडघ्यांनी. किटलीत अजून थोडं उरलं होतं.

"आणखी पानी ओतू?" आप्पा म्हणाले.

मी दारात थांबले. चुकून आलं असेल असं वाटलं, पण आप्पा तसे चुकत नाहीत. आईने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं.

"पाणी म्हनतात त्याला," ती म्हणाली.

चांगला ठसठशीत ण. म्हणजे येत होता तिला, शेहेचाळीस वर्षं.